घट्ट वेणी

"इंग्रजीचे जोडशब्द दिलेत. 'स्टेपमदर'चं वाक्य सांग ना, आई," जुई म्हणाली.

तिचे केस विंचरणारा हेमाचा हात थबकला.

दारात बसलेली आत्या हसली. "त्यात काय! सावत्र आई छळते, लिही."

"छळते कसली? नीट ओढतसुद्धा नाही," जुई फणकारली. "रोज शाळेत वेणी सुटते माझी!"

खरंच होतं ते. पोर ओरडली तर शेजारीपाजारी काय म्हणतील, या धास्तीने हेमा फणीसुद्धा भीतभीत फिरवायची. आज मात्र तिने उठून खिडकी सताड उघडली, जुईला गुडघ्यांत दाबून बसवलं आणि गुंत्यात फणी घातली.

"आई गं!"

"ओरड, ऐकू दे गल्लीला. पण मान हलवलीस तर धपाटा घालीन! आणि वाक्य लिही, माझी स्टेपमदर वेणी फार घट्ट घालते."