लग्नातली भेट

ज्युलिया लहानपणापासून मुलुंडच्या त्या घरात राहून स्वयंपाक करायची. गोराईला आईकडे जायलाही घरच्या मालकीणबाईंची, काकूंची, परवानगी लागे. दुपारी जेवताना काकू म्हणाल्या, “लग्नानंतर जान्हवीबरोबर ज्युलियालाच पाठवू बंगलोरला. लेकीला तेवढाच आधार.” ज्युलियाला कुणी विचारलंच नाही. इतिहास शिकणारी धाकटी अक्षता म्हणाली, “अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकोनंही असंच केलं होतं, आई. घरातली गुलाम मुलगी, ओना, नातीला लग्नात भेट द्यायची ठरवली. घरचे जेवायला बसले आणि ओना निघून गेली.” “काहीतरीच तुझं!” काकू हसल्या. “मग सापडली का गं?” स्वयंपाकघरातून ज्युलियानं विचारलं. “मागावर माणसं पाठवली, पण ओना काही परत नाही आली.” “ज्युलिया, पोळी आण,” काकूंनी हाक मारली. ज्युलियानं पोळी वाढली. “ही शेवटची, काकू,” म्हणाली. गॅस बंद केला आणि चपला घातल्या.