भाऊची दुपारची झोप

झाड पडलं तर भाऊला रोज दुपारची झोप मिळणार होती. झाड म्हणजे कुंपणापलीकडचं, रानाच्या कडेचं जुनं रानअंजीर. फळावर आलं की पाखरं, माकडं, खारी त्यात दिवसभर बाजार भरवत, आणि नुकताच निवृत्त झालेला भाऊ कानावर उशी दाबून पडून राही. शेजारी त्याच्या थोरल्या बहिणीची, ताईची, चिकूची बाग. बागेचं हे पहिलंच पीक. ताईचा हिशेब सरळ होता: पाखरांना इथवर बोलावतं ते हे झाडच, ते गेलं की पाहुणेही जातील. राहता राहिला वनरक्षक. ‘झाड धोकादायक’ एवढं लिहून देण्याबद्दल त्याला टोपलीभर चिकू कबूल झाले होते.

झाड पडलं. पाहुणे काही गेले नाहीत. पुढचं ताट उचललं, तसे शेजारच्या ताटावर येऊन बसले. रानात या दिवसांत दुसरं काही पिकतच नव्हतं. मग ताईने बागेवर जाळं टाकलं.

वनरक्षक टोपली न्यायला आला तेव्हा ती शिडीवर उभी राहून जाळ्यातून एक मेलेला धनेश सोडवत होती. त्याची मोठी पिवळी चोच धाग्यांत गच्च अडकली होती.

“या! फळ पिकलं की पाखरं हजर, तोडलं की तुम्ही.”

“भाऊसाहेब कुठायत?”

“घोरतोय. ऐकू येत नाही?”

येत होतं.

ताईने उतरून पाखरू खाली ठेवलं. मान कलंडली, तशा चोचीतून चिकूच्या फोडी घरंगळल्या. एक, मग दुसरी, मग आणखी दोन.

“बघा चोर! गिळायलासुद्धा दम नाही मेल्याला.”

“गिळणार नव्हता तो.” वनरक्षक एकेक चिकू दाबून बघत टोपलीत टाकत होता. “नर आहे. मादी आत्ता ढोलीत असते, अंड्यांवर. दार आतून लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. हा नेऊन भरवणार, तेव्हा ती खाणार.”

“आणि हा गेलाच नाही तर?”

“तर काय.” त्याने एक फार मऊ चिकू बाजूला काढला. “आत बसल्यावर पिसंही झडतात हो तिची. उडणार कशी?”

ताईने घरंगळलेल्या फोडी गोळा केल्या. मग म्हणाली, “ढोली कुठाय सांगा. मी नेऊन देते चार चिकू.”

“रान केवढं आहे, ताई.”

त्याने टोपली डोक्यावर घेतली. ताईने जाळ्याला पडलेलं भोक ओढून बांधलं.

भाऊला झोप मिळाली, ताईला चिकू, वनरक्षकाला टोपली. ज्याचं त्याला पोचलं. किंमत मोजणारी रानात कुठेतरी बसून होती, लिंपलेल्या दारातून चोच बाहेर काढून.