काचेच्या पेटीतलं कुलूप

"वहिनी, तो फितूर आलाय. आत घेऊ?" अध्यक्षांनी विचारलं.

वहिनी काचेची पेटी पुसत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "येऊ दे. फरशी पुसायची राहिलीच आहे."

लिफ्ट कामगार युनियनच्या या हॉलची झाडलोट वहिनींकडे होती आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला. संपात नवरा गेला, तेव्हा युनियनने त्यांना हॉलवरची खोली दिली, सभेत पहिली खुर्ची दिली आणि भिंतीवर नवऱ्याचा मोठा फोटो लावला. फोटोखाली पेटी, पेटीत कुलूप.

लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरणारा मेकॅनिक आधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घालतो. किल्ली एकच, ती त्याच्याजवळच. नाहीतर वरून कोणी वीज सुरू करायचं आणि खाली माणसाचा चेंदामेंदा. संप ऐन रंगात असताना एका इमारतीत स्विचला कुलूप दिसलं. म्हणजे कोणीतरी चोरून कामावर आलं होतं. शाफ्टच्या तळाशी वहिनींचा नवरा वरून कोसळून मेलेला आणि शेजारी हा, धडधाकट. युनियनने झटकन वाटणी केली: जिवंत तो फितूर, मेला तो त्याला अडवायला गेलेला हुतात्मा. स्विचची कडी कापून कुलूप अख्खंच आणलं. किल्ली फितुराने कुठेतरी फेकली, असं ठरलं.

म्हाताऱ्या फितुराने टेबलावर एक कुलूप ठेवलं, किल्लीसकट. "माझं कुलूप हे. पेटीतलं माझं नाही. ओरडणं ऐकून आत धावलो, एवढाच माझा गुन्हा."

"बाजारात कुलपांचा दुष्काळ पडलाय का?" अध्यक्ष म्हणाले.

"माझं सोडा. मुलगी मेकॅनिक झालीय. फितुराची पोर म्हणून तुम्ही युनियनचं कार्ड देत नाही, कार्डाशिवाय तिला कोणी दारात उभं करत नाही. त्यात आता तुम्ही युनियनचा इतिहास छापताय. म्हणजे तिला जन्मभर हेच."

अध्यक्ष घुटमळले. "वहिनी, तुमची हरकत नसेल तर ते पान..."

"रक्ताने भिजलेले त्याचे कपडे मी या हातांनी धुतलेत," वहिनी म्हणाल्या. "एकेक खिसा उलटा करून. पोरीला कार्ड हवंय ना? तिला सांग, बाप बदलून ये."

फितुराने आपलं कुलूप उचललं. "वहिनी, माझं तुमच्याशी भांडण नाही."

"माझं आहे."

तो गेला. अध्यक्षांनी घसा खाकरला. "मग पान तसंच जाऊ दे?"

"शब्दाला हात लावायचा नाही."

"बरं. उद्या नवे सभासद कुलपाला चप्पल मारायला येतील. जरा तेवढं..."

"दरवर्षी मीच करते ना?"

अध्यक्ष गेल्यावर वहिनींनी दाराला आतून कडी घातली. पेटीतलं कुलूप काढून पुसलं, तेलाचे दोन थेंब सोडले. मग तेल आतपर्यंत मुरलं का ते बघायला, नेहमीसारखी जुडग्यातली सगळ्यात छोटी किल्ली लावून त्यांनी ते एकदा उघडलं आणि पुन्हा बंद केलं.