उसाचा मध

"भेसळ निघाली, मामा." प्रयोगशाळेतल्या विशाखाने कागद ग्यानोबापुढे सरकवला. "शंभरात अठरा भाग उसाची साखर."

ग्यानोबाने कागद उलटा धरून पाहिला. उलटाही तो तेच म्हणत होता.

पावसाळ्यात फुलं नसतात, तेव्हा बाकीचे मधपाळ माश्यांना साखरपाणी पाजतात. ग्यानोबाने कधी पाजलं नाही. या श्रावणात त्याच्या नऊ पेट्या उपाशी मेल्या, तरी नाही. उदगीरकडचा हा माणूस त्यामुळे गावात अर्धा साधू आणि अर्धा येडा म्हणून ओळखला जाई. आता पुण्याची एक कंपनी उरलेल्या पेट्यांचा सगळा मध घेणार होती. फक्त लातूरच्या या प्रयोगशाळेचा शिक्का हवा होता.

"मॅडम, माझ्या घरात चहासुदिक बिनसाखरेचा हाय."

विशाखाचा त्याच्यावर विश्वास बसला. अडचण तिथूनच सुरू झाली. "पेट्यांच्या शेजारी काय आहे?"

"ऊस. चारी अंगानं ऊस."

"लोकरी मावा पडलाय?"

"लई. श्रावण सरता सरता पडला. पानं नुस्ती चिकट."

"मग झालं. मावा हा किडा उसाचा रस पितो, जास्तीची साखर मागच्या बाजूनं पानावर टाकतो. फुलं नाहीत म्हणून तुमच्या माश्या तीच चाटून आणतात. साखर उसाचीच आहे, पण तुम्ही घातलेली नाही."

ग्यानोबाचा चेहरा उजळला. "मग तसं लिवा की!"

"रकाना नाही." तिने बोट ठेवून दाखवलं. शुद्ध. भेसळ. माव्याची सोय कुणी केलेली नव्हती. "यंत्राला ऊस कळतो, मामा. तो किड्याच्या पोटातून आला का पोत्यातून, ते कळत नाही."

"म्हंजी भेसळवाले तरी समदे घावतात?"

विशाखाने दाराकडे पाहिलं. "उसाची साखर घालणारे सापडतात. काल एक बाटली आली होती, निम्मा तांदळाचा पाक, जिभेलाच कळला. आमच्या यंत्राला तांदूळ दिसत नाही. शुद्ध म्हणून सही माझीच आहे."

ग्यानोबाने कागदाची घडी करून खिशात घातली.

बसस्टँडवर बायकोचा, चांगुणाचा फोन आला. "भेटला का वो शिक्का?"

"भेटंल. तू दोन किलो तांदूळ भिजू घाल."

"आगं बाई! खीर करायची का?"

"न्हाई," ग्यानोबा म्हणाला, "मध."