सोबत्याची सही

“सोबतीला कोण?” केंद्राध्यक्षांनी विचारलं.

मनोहर लगेच पुढे सरकला. आंधळ्या बापाला हाताशी धरून मुलगा नाही नेणार तर कोण नेणार? शिवाय सकाळीच त्यानं शाळेबाहेरच्या पक्षाच्या टेबलावर घरची तीन मतं लिहून दिली होती. स्वतःचं, वडलांचं आणि बायकोचं. स्वतःचं तर टाकूनही झालं होतं.

“हा नाही, साहेब,” धोंडबा म्हणाले. “सून येईन माह्यासंगं.”

महाल वस्तीतल्या त्या शाळेत विधानसभेच्या मतदानाची रांग होती. रांगेतल्यांचे कान टवकारले. धोंडबांचे डोळे जाऊन सात वर्षं झाली होती, पण मागावर चाळीस वर्षं लुगडी विणलेल्या माणसाचा ताठा काही गेला नव्हता. काहून, असं मनोहरनं हळूच विचारलं. बापानं हळू बोलायची तसदी घेतली नाही.

“मागच्या साली लोकसभेले तूच होता. शिक्का कुठं मारला, ते मले अजून नाही समजलं.”

कोणीतरी हसलं. मनोहरनं रुमाल काढून उगाच तोंड पुसलं.

केंद्राध्यक्ष वामनराव एरवी हायस्कुलात गणित शिकवत. दुपारपर्यंत तीन-चार सोबती येऊन गेले होते. दाखवली त्या जागी सही नाहीतर अंगठा करून सगळे मोकळे झाले होते. धोंडबांची सून जया मात्र फॉर्म हातात घेऊन वाचायलाच लागली. ओळीवर बोट, ओठ हलताहेत. वय एकवीसच्या वर. आज दुसऱ्या कोणाची सोबत केलेली नाही. मतदाराच्या वतीनं नोंदवलेलं मत गुप्त ठेवीन. तिथं बोट थांबलं.

“गुप्त म्हंजे कोनापासून, साहेब?”

“सगळ्यांपासून.”

“घरच्यापासून बी?”

वामनरावांनी सवयीनं नियमांचं पुस्तक उघडलं, एक पान उलटलं आणि मिटून ठेवलं. प्रशिक्षणात हा प्रश्न कोणी काढला नव्हता.

“घरचे काय सगळ्यांच्या बाहेर असतात?” ते म्हणाले.

जयानं सही केली. पूर्ण नावानिशी.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे धोंडबांनी सुनेच्या कानात एक नाव सांगितलं. कोणतं, ते आम्हालाही ठाऊक नाही. तिनं शिक्का मारला, तसा म्हाताऱ्याचा अंगठा आपोआप कागदाकडे गेला. लुगड्यात तुटलेला एक धागासुद्धा त्या अंगठ्याला सापडायचा.

“ओलं हाये, मामाजी. फिसकटन.”

धोंडबांनी हात मागे घेतला. घडी तिनं घातली, पेटीत त्यांनी टाकली.

मग जयानं स्वतःचं मत दिलं. दर वेळी ती आडोशामागे जायची आणि लगेच बाहेर यायची. आज बराच वेळ लागला. दाराशी मनोहर घड्याळ बघत होता.

परतताना तो सायकल हातात धरून तिच्या बाजूनं चालत होता. आधी त्यानं थट्टेत विचारून पाहिलं, मग लाडीगोडीनं. सासऱ्याचा हात खांद्यावर घेऊन जया सावकाश चालत राहिली.

“सही केली मी,” एवढंच ती म्हणाली.

“बरं, बुढ्याचं राहू दे. तुयं सांग. मी सांगतलं तिथंच मारला ना शिक्का?”

“साहेब म्हनले ना, सगळ्यांपासून.”

मनोहरला राग आला. पण रागापेक्षा नवल जास्त वाटलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि बायकोच्या मनात काय आहे हे त्याला आज पहिल्यांदाच जाणून घ्यावंसं वाटत होतं. पक्षाच्या टेबलापाशी त्याची चाल मंदावली. ती दोघं पुढे निघून गेली.

टेबलावरच्या श्रीधरनं यादीवर पेन्सिल टेकवली. “मनोहरराव, तुमच्या घरची तिन्ही मतं झाली ना?”

मनोहर वळणाकडे पाहत होता. म्हातारा काहीतरी बोलला असावा, कारण जया हसत होती.

“एकच धर गा,” तो म्हणाला.