अंड्याचा नंबर

"मशीन बंद आहे," काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणाली. "पुढची तारीख घ्या."

"अहो, आमच्या आधीचे काका आत्ताच स्कॅन करून बाहेर आले," सून म्हणाली.

"आत्ताच बंद पडलं."

सासरा समोरच्या बाकावर रुग्णालयाचा हिरवा गाऊन घालून बसला होता. आयुष्यभर पाथरवटाचं काम केलेला माणूस. दगडाची भुकटी छातीत जाऊन बसली होती आणि आता तिथे एक गाठ दिसत होती. मागच्या खेपेला स्कॅन चालू असताना त्याला खोकल्याची उबळ आली आणि चित्रं धूसर निघाली. तेव्हापासून सून रोज त्याच्याकडून श्वास रोखायचा सराव करून घेत होती. आज चित्र नीट आलं तर सर्जन उद्याच गाठ काढणार होते. परवा ते दोन महिन्यांसाठी परदेशी निघत होते, आणि इथे हे ऑपरेशन करणारे ते एकटेच.

लिफ्टचं दार उघडलं. वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत बाहेर आला. स्ट्रेचरवर ब्लँकेट, आणि ब्लँकेटच्या मधोमध फोमच्या खाचेत नारळाएवढा एक तपकिरी गोटा. मागून कॅमेरेवाले, कोट घातलेले पाहुणे आणि रुग्णालयाचे संचालक.

"हळू रे," संचालक म्हणत होते. "धक्का लागता कामा नये."

काउंटरवरच्या बाईने लगबगीने उठून स्कॅनच्या खोलीचं दार उघडून धरलं.

"मशीन बंद आहे ना?" सुनेने विचारलं.

बाईला ते ऐकू आलं नाही.

घोळक्याच्या शेवटी गळ्यात संग्रहालयाचं ओळखपत्र अडकवलेली एक तरुण संशोधक होती. सुनेने तिलाच अडवलं. "काय आहे ते?"

"डायनासोरचं अंडं," ती म्हणाली, आणि तिला राहवेना. "लांब मानेचे, झाडपाला खाणारे. मादी नदीकाठच्या मऊ मातीत खड्डा करून अंडी घालायची, वर माती लोटायची आणि निघून जायची. एवढं अवाढव्य धूड उबवायला बसलं तर अंडीच फुटायची ना. आत पिल्लाची हाडं तयार झालेली असावीत. बाहेर यायला थोडेच दिवस उरले असतील, तेवढ्यात नदीला पूर आला आणि सगळं गाळाखाली गेलं. फोडून बघावं तर हाताला चुरा लागेल, म्हणून स्कॅन."

"किती दिवस झाले याला?" म्हाताऱ्याने बाकावरून विचारलं.

"सात कोटी वर्षं, साधारण."

"मग अजून अर्धा तास कळ काढली असती की त्याने."

संशोधकाचं लक्ष आता कुठे त्याच्या गाऊनकडे आणि मनगटावरच्या पट्टीकडे गेलं. "मला सांगितलं होतं, या वेळेला कुणी पेशंट नसतात."

"नाहीतच. मशीन बंद आहे." म्हातारा हसायला गेला आणि खोकत बसला. मग छातीवर थाप मारून म्हणाला, "आणि दगडच बघायचा होता तर इथेही आहे, पोरी."

ती दारापर्यंत गेली, संचालकांच्या कानाशी काहीतरी बोलली. त्यांनी मागे न बघता हात झटकला. "लवकरची तारीख द्यायला सांगतो त्यांना. पाहुण्यांना विमान गाठायचंय."

तिने एकदा मागे वळून पाहिलं आणि आत गेली. दार लागलं.

आत तंत्रज्ञ गोंधळला होता. दगडासाठी वेगळी सेटिंग नव्हती. पडद्यावर पुढच्या पेशंटचं नाव आणि छातीच्या स्कॅनची सेटिंग तयार होती. त्याने नाव पुसलं आणि सेटिंग तशीच ठेवली.

"चला बाबा, कपडे बदला," बाहेर सून म्हणाली.

"थांब जरा."

मशीन घरघरू लागलं. दाराआडून आधी ध्वनिमुद्रित केलेला एका बाईचा आवाज आला. संथ, मायाळू. "खोल श्वास घ्या. आता रोखून धरा."

बाकावर म्हाताऱ्याने छाती भरून श्वास घेतला. शिकवल्याप्रमाणे डोळे मिटले, ओठ घट्ट दाबले. खांदा हलला नाही, उबळ आली नाही. घरी एकदाही त्याला हे इतकं चांगलं जमलं नव्हतं.

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. आवाजाची पुढची सूचना त्यात बुडून गेली.

"सोडा बाबा आता," सून म्हणाली. "बाबा."

म्हाताऱ्याने डोळे न उघडता तिच्यापुढे तळहात धरला. अजून नाही.