चालून दाखव

"घेराची सलवार घाल. गुडघ्यावरची खूण दिसली न्हाय पाहिजे," कपाटातून कपडे काढत चाँदबी म्हणाली.

"दिसू दे की. चोरी करून न्हाय आणली," तहरीम म्हणाली.

चाँदबीनं सलवार लेकीच्या हातात कोंबली. चोवीस वर्षांच्या या मुलीशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ती बुटांची पिशवी घेऊन उमरग्यातून निघाली आणि पगारी फुटबॉलपटू झाली. बचावफळीत खेळायची. चेंडू घेऊन येणारीला आडवं जायचं आणि तिला पुढं जाऊ द्यायचं नाही, हेच काम. पोरीला स्वभावाजोगी नोकरी मिळाली, असं मोहल्ल्यात सगळे म्हणत.

गेल्या हंगामात गुडघा गेला. ऑपरेशन झालं, क्लबनं करार संपवला आणि तहरीम घरी आली. त्यानंतरचे आठ महिने तिनं एक दिवस वाया घालवला नाही. कमरेला टायर बांधून ती हायवेच्या कडेच्या माळावर धावायची. येणारेजाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, ती वळूनही बघायची नाही. आता पाय ठणठणीत होता. एका मोठ्या क्लबनं तिचे व्हिडिओ आणि रिपोर्ट मागवले होते. आठवड्यात कळवतो म्हणाले होते. आज पाचवा दिवस होता.

आणि आजच ही भानगड उपटली होती.

सकाळी तिचे वडील, गफारभाई, टायरच्या दुकानात जाताना एवढंच म्हणाले होते, "दुपारी लांबून पाहुणे येतेत. चहापाण्याचं बघा. पोरीला घरीच थांबू द्या." बाकीचं चाँदबीनं ओळखलं. तिची बहीण महिनाभर बिदरच्या स्थळाचं बोलत होती. जवान मुलीच्या घरी दुपारी लांबून पाहुणे दुसऱ्या कशाला येतील? ती लगेच रव्याचा हलवा करायला बसली.

तहरीमला राग आला तो बापाचा. आईचं ती समजू शकत होती. पण कमरेला बांधायचा तो टायर गफारभाईंनी स्वतः दुकानातून आणून दिला होता. त्यांनीच असं पाठीमागून पाहुणे बोलवावेत, हे तिला फार लागलं. तोंडावर नाही म्हणावं, तर चार लोकांत बापाची मान खाली जाणार. मग नकार पाहुण्यांकडूनच आला तर? लंगड्या मुलीला कोण सून करून घेतं?

तिनं मुकाट्यानं घेराची सलवार घातली.

तीन वाजता पांढरी गाडी आली. चष्मा लावलेली पन्नाशीची एक बाई आणि पंचविशीतला एक तरुण. हाच असणार, असं चाँदबीनं पडद्याआडून ठरवूनही टाकलं. चहा झाला, हलवा झाला. बाई फार बोलत नव्हत्या. तरुण तर मान खाली घालून बसला होता.

तहरीम बाहेर आली. बाईंनी तिला नीट बघितलं.

"बेटा, जरा त्या दारापर्यंत चालून दाखव."

तहरीमच्या अंगाचा तिळपापड झाला. बाजारात बैल बघायला आलेत का हे? पण ती चालली. उजवा पाय ओढत, दर पावलाला ओठ दाबत. गफारभाई खुर्चीतून अर्धवट उठले.

"तहरीम, नीट चाल," ते हळूच म्हणाले.

"नीटच चालते, अब्बा. इतकंच येतंय."

"ऑपरेशन याच पायाचं ना?" बाईंनी विचारलं. चाँदबीचा चेहरा उतरला. शेजारच्या कुणीतरी लावालावी केलेली दिसत होती.

"आता खाली बसून उठ बरं."

तहरीम खाली बसली आणि उठताना भिंतीला धरलं. बाईंनी जवळ येऊन गुडघ्यावर अंगठा दाबला. "इथं दुखतं?"

"लई."

"रात्री?"

"झोप येत न्हाय."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. आता काय हे असंच राहणार."

बाईंनी मान हलवली. त्या तरुणाकडे बघून उठल्या. हलवा छान झाला होता, असं त्यांनी चाँदबीला मनापासून सांगितलं. गफारभाई त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेले. तहरीम खिडकीशी उभी राहिली. बाई गाडीजवळ फोनवर बोलत होत्या.

"नाही, हिचं जमणार नाही. गुडघा गेलाय. त्या दुसऱ्या मुलीला आजच होकार कळवून टाका."

गाडी गेली. तहरीम मोठ्यानं हसली आणि एका पायावर उड्या मारत घरभर फिरली, त्याच उजव्या पायावर.

चाँदबी बघतच राहिली. "नाटक केलंस व्हय? अगं, चांगलं स्थळ होतं!"

"मग दुसरीला मिळू दे. इतकी वर्षं लोकांना आडवं जायचाच पगार घेतलाय मी, अम्मी. बिदरवाले येऊ दे, न्हायतर आणखी कुणी येऊ दे. हा पाय मैदानासाठी बरा केलाय, कुणाच्या चुलीपुढं बसायला न्हाय."

तिला फार हलकं वाटत होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच आपण एक सामना जिंकलो, असं वाटत होतं.

गफारभाई दारात येऊन थांबले. ती एका पायावर ताठ उभी होती.

"दुखत न्हाय तुला?" त्यांनी विचारलं.

"जरासुद्धा न्हाय, अब्बा. अन् तुमीबी आता परत असले पाहुणे बोलवू नका."

गफारभाई उंबऱ्यावरच खाली बसले.

"क्लबच्या डॉक्टरीणबाई होत्या त्या," ते म्हणाले. "पोरीला सांगू नका म्हणल्या. आमी आलोय कळलं की सगळ्या पोरी दुखणं लपवतात."